थिंकपॅड टी४८०: कंपनीने सोडलेला लॅपटॉप आपला करून घेताना

अनेक मोठ्या कंपन्या लॅपटॉप विकत न घेता तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात. करार संपला की एकाच मॉडेलची शेकडो यंत्रं एकदम बाहेर पडतात आणि पुसूनपासून, नवा चार्जर जोडून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकली जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये दिसणारे काळे, चौकोनी, कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका असलेले लॅपटॉप बहुतेक याच वाटेने आलेले असतात. त्यांतला आजही बिनधास्त घ्यावा असा एक म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड टी४८०. तो २०१८ च्या सुरुवातीला बाजारात आला.

हा लॅपटॉप समजून घेताना एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं: तो बनवताना कंपनीच्या आयटी विभागाची सोय पाहिलेली आहे. हजार यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला बॅटरी हातानेच बदलता यायला हवी असते, रॅम वाढवता यायला हवी असते, बंद असलेलं यंत्र दुसऱ्या शहरातून चालू करता यायला हवं असतं आणि चोरीला गेलं तर निकामीही करता यायला हवं असतं. पहिल्या दोन सोयी घरच्या गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या. शेवटच्या दोन नीट हाताळल्या नाहीत, तर यंत्र तुमच्या टेबलावर आणि चाव्या दुसऱ्याच्या खिशात अशी गत होते.

नेमका कोणता टी४८०

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालतं (सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडून), आणि त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. टी४८० मध्ये ती आहे. म्हणून दिसायला जवळजवळ सारखा असलेला आदला टी४७० आणि हा टी४८० यांच्यात आता मोठी दरी पडली आहे.

पण इथे एक सापळा आहे. टी४८० काही ठिकाणी सातव्या पिढीचे आय५-७२००यू आणि आय५-७३००यू घालूनही विकला गेला. वरून काहीही कळत नाही. त्यांत दोनच कोअर आहेत आणि विंडोज ११ च्या यादीत ते नाहीत. हवेत ते आठव्या पिढीचे चार कोअरवाले: आय५-८२५०यू, आय५-८३५०यू, आय७-८५५०यू, आय७-८६५०यू. रोजच्या कामात यांच्यातला वेगाचा फरक जाणवण्याइतका नाही. ‘आय७’ या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच रॅमवर घालावेत. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. ८३५०यू आणि ८६५०यू या दोघांत व्हीप्रो आहे, म्हणजे दुरून ताबा घेण्याची सोय. तिच्याकडे नंतर सविस्तर येऊ.

नावात शेवटी ‘एस’ असलेला टी४८०एस हे निराळं यंत्र आहे: बारीक, काढता येणारी बॅटरी नसलेलं, अर्धी रॅम मदरबोर्डवरच डकवलेली. विक्रेते ही दोन्ही नावं सर्रास एक करून टाकतात.

पडद्याकडेही लक्ष द्या. सर्वांत स्वस्त टी४८० वर १३६६ गुणिले ७६८ चा टीएन पडदा येई. जरा तिरकं पाहिलं की त्याचे रंग उलटतात. १९२० गुणिले १०८० चा आयपीएस पडदा हवा. बदलून घेता येतो, पण मुळातच तसा असलेलं यंत्र घेणं स्वस्त पडतं.

दोन सी पोर्ट आणि एक जुनं दुखणं

डाव्या बाजूला टाइप-सी आकाराची दोन पोर्ट आहेत. एक साधं यूएसबी ३.१, दुसरं थंडरबोल्ट ३, म्हणजे त्याच आकाराचं पण जास्त वेगाचं. चार्जिंग दोन्हींवर होतं आणि बाहेरचा मॉनिटरही दोन्हींवर चालतो. चार्जरसाठी वेगळं गोल किंवा चौकोनी पोर्ट या मॉडेलवर नाही.

चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा, २० व्होल्ट देणारा हवा. फोनचे १८-२५ वॅटचे चार्जर बहुधा ९ व्होल्टांवर थांबतात, म्हणून लॅपटॉप त्यांना दाद देत नाही. काही फोनसोबत ६५ वॅट लिहिलेला चार्जर येतो, तोही फसवतो. ती ताकद फक्त त्याच कंपनीच्या फोनला मिळते, इतरांना बरीच कमी. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असं लिहिलेलं असेल तर तो ६५ वॅटचा आणि योग्य.

आता दुखणं. २०१७ ते २०१९ दरम्यानच्या बऱ्याच थिंकपॅडांमध्ये थंडरबोल्ट चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, चूक होती. ती चिप स्वतःच्या छोट्या फ्लॅश मेमरीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा लिहीत असे, आणि फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. मर्यादा गाठली की थंडरबोल्ट पोर्टवर चार्जिंग बंद, डॉक (एका केबलने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडणारी पेटी) ओळखला जात नाही, एचडीएमआयवर चित्र येत नाही, कधी यंत्र सुरू होतानाच अडकतं. लेनोवोने नवं फर्मवेअर काढून हे थांबवलं. मात्र ते आधीच घातलेलं असेल असं समजू नका. यंत्र हाती आलं की पहिल्याच दिवशी लेनोवो व्हँटेज या ॲपमधून किंवा लेनोवोच्या सपोर्ट पानावर यंत्राचा अनुक्रमांक टाकून बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर), थंडरबोल्ट ड्रायव्हर आणि थंडरबोल्ट फर्मवेअर ही तिन्ही अद्ययावत करा. फर्मवेअर चढत असताना चार्जर काढायचा नाही आणि झाकण मिटायचं नाही. एकदा बिघडलेली चिप अद्यतनाने सुधारत नाही. ती बाहेरच्या प्रोग्रॅमरने पुन्हा लिहून घ्यावी लागते, नाहीतर मदरबोर्ड बदलावा लागतो.

म्हणून दुकानात दोन्ही पोर्टांवर चार्जर लावून पाहा, आणि एचडीएमआयला मॉनिटर जोडून पाहा. पोर्ट सैल असेल, हलवल्यावर चार्जिंगचा दिवा विझत असेल तर ते यंत्र सोडा. ही पोर्टं मदरबोर्डवरच डकवलेली आहेत.

एचडीएमआय १.४ आहे, त्यामुळे फोर-के मॉनिटरवर सेकंदाला ३० चित्रंच मिळतात आणि माऊस अडखळत चालल्यासारखा वाटतो. त्याच मॉनिटरला सी पोर्टातून डिस्प्लेपोर्टची केबल लावली की ६० मिळतात. अडॅप्टर स्वस्तातला असेल तर तोही ३० चाच निघतो, म्हणून खोक्यावर ‘४के ६० हर्ट्झ’ आहे ना पाहून घ्या.

यंत्र अगदी मेल्यासारखं झालं, बटण दाबून दिवाही लागत नसेल, तर खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे. चार्जर काढायचा, पेपरक्लिप सरळ करून भोकात काही सेकंद दाबायची, चार्जर परत लावायचा. ‘बोर्ड गेला’ असं निदान झालेली यंत्रंसुद्धा कधी एवढ्यावर उठतात.

दोन बॅटऱ्या

आत २४ वॅट-अवरची एक बॅटरी कायमची बसवलेली, आणि मागे काढता येणारी दुसरी: २४, ४८ किंवा ७२ वॅट-अवरची. ७२ ची बॅटरी खाली फुगवटा काढते आणि लॅपटॉप मागून उचलला जातो. आधी बाहेरची बॅटरी वापरली जाते, मग आतली. आतलीत थोडी जान असेल तर चालू यंत्रातून बाहेरची काढून दुसरी लावता येते, काम थांबत नाही. लोडशेडिंगच्या गावी ही सोय सोन्याच्या मोलाची.

बॅटरीची खरी तब्येत विंडोजच सांगतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हा हुकूम, एक जागा सोडून तिरपी रेघ, तिला जोडून बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होते, तीत दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता असते. २४ पैकी १५ उरले असतील तर ठीक, ८ उरले असतील तर नवी बॅटरी किमतीतून वजा करून घ्या. टचपॅड एका कडेने उचललेला वाटला किंवा त्याचं क्लिक जड लागलं, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याचा संभव आहे. तसं यंत्र वापरायचं नाही आणि फुगलेली बॅटरी टोचायची किंवा दाबायची तर मुळीच नाही.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहणार असेल तर व्हँटेजमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावा. सतत शंभरावर ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

झाकण उघडण्याआधी

आतली बॅटरी सतत जोडलेली असते, म्हणून नुसतं ‘शट डाउन’ करून उघडू नका. सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा, ‘कॉन्फिग’मध्ये ‘पॉवर’, तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. यंत्र बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत बटणाला दाद देत नाही. मग बाहेरची बॅटरी काढा, कार्डाच्या खाचेत काही असेल तर तेही काढा. तळाचे स्क्रू सैल करायचे, ते झाकणातच अडकून राहतात, ओढून काढायचे नाहीत. कडेच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या जुन्या एटीएम कार्डाने एकेक सोडवत जायचं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की खिट्टी तुटतेच.

आत रॅमच्या दोन खाचा आहेत, डीडीआर४-२४०० प्रकारच्या. लेनोवोच्या कागदावर कमाल ३२ जीबी लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात ३२ च्या दोन पट्ट्या घालून ६४ जीबीही चालते. बहुतेक जुनी यंत्रं ८ जीबीच्या एकाच पट्टीवर येतात. शेजारी आणखी ८ ची घातली तर फायदा दुहेरी. जागा वाढते, आणि दोन पट्ट्या जोडीने चालून मेमरीचा वेग सेकंदाला १९.२ वरून ३८.४ गीगाबाइटवर जातो. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बहुधा नसतं, चित्रं रंगवायलाही हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे मोठ्या मॉनिटरवर फरक जाणवतो.

साठवणुकीसाठी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची जागा आहे. त्यात साटा एसएसडी थेट बसते आणि सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वेग देते. त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी हवी असेल तर लेनोवोचा त्यासाठीचा अडॅप्टर आणि त्याची केबल लागते. अडॅप्टर लावूनही प्रोसेसरकडे जाणाऱ्या चारपैकी दोनच वाटा मिळतात, म्हणून वेग सेकंदाला १,६०० मेगाबाइटच्या आसपास अडतो. सात हजार मेगाबाइट वेगाची महागडी एसएसडी इथे वाया जाते. साधी घ्यावी. विंडोज उघडण्याच्या वेगात साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक हातघड्याळाने मोजावा लागेल इतपतच.

झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा. सहा-सात वर्षं जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते. ती बदलली की पंख्याचा आवाज लक्षात येईल इतका उतरतो. एमएक्स१५० ग्राफिक्स असलेल्या टी४८० चा दोन नळ्यांचा हीटसिंक साध्या टी४८० मध्येही बसतो, पण त्या वाटेला गरम भागात व्हिडिओचं काम तासन् तास करणाऱ्यांनीच जावं.

वायफाय कार्ड

मूळ कार्ड सहसा इंटेल ८२६५. दोन अँटेना, वायफाय ५, कागदावर ८६७ मेगाबिट. प्रत्यक्षात राउटरच्या खोलीत त्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश मिळतं, आणि घरच्या बहुतेक प्लॅनना तेवढं पुरतं. वेग अगदीच कमी असेल तर कार्डाला दोष देण्याआधी लॅपटॉप २.४ गीगाहर्ट्झवर तर जोडलेला नाही ना ते पाहा. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर असं हमखास होतं.

बदलायचं तर एएक्स२१० घ्या. जुन्या थिंकपॅडांत, उदाहरणार्थ एक्स२३० किंवा टी४३० मध्ये, बायोस परवानगीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की ‘१८०२’ असा संदेश देऊन तिथेच अडून बसे. टी४८० वायफाय कार्डांच्या बाबतीत अशी अडवणूक करत नाही. मात्र एएक्स२०१ किंवा एएक्स२११ चुकूनही आणू नका. आकार आणि खाच तंतोतंत तीच, पण त्या कार्डांचा अर्धा मेंदू नंतरच्या पिढ्यांच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीला असणाऱ्या मदतनीस चिपमध्ये, असतो. इथे ती नुसती बसतील, चालणार नाहीत. शेवटचा आकडा शून्य असलेलं कार्ड आपलं, एक असलेलं परक्याचं.

अँटेनाच्या दोन तारांची टोकं तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. काढण्याआधी फोटो घ्या, सरळ वर उचला, बसवताना नेमकं मध्यावर धरून बोटाने टक् आवाज येईपर्यंत दाबा. तिरकं दाबलं की टोक चपटं होतं आणि मग सिग्नल एका अँटेनावर अर्धामुर्धाच येतो. नवं कार्ड बसवल्यावर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर तो उतरवायला वायफाय कुठून आणणार? आधीच उतरवून ठेवा किंवा लॅनची केबल लावा. आणखी एक: या कार्डाचं वायफाय पीसीआय-एक्सप्रेसवरून चालतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून, म्हणून दोघांचे ड्रायव्हर वेगळे. एक चालतं आणि दुसरं नाही, याचा अर्थ कार्ड खराब असा होत नाही.

सिमची सोय असलेल्या यंत्रांत ४जी मॉड्यूलही सापडतं. जिओचं जाळं ३, ५ आणि ४० या बँडांवर चालतं, तेव्हा मॉड्यूल बँड ४० धरतं का हे पाहूनच त्यात जीव अडकवा. कंपनीने सिमशिवाय मागवलेल्या यंत्रात त्याच्या अँटेनाच्या ताराच नसू शकतात. फोनचा हॉटस्पॉट जास्त सुखाचा.

लॅनचं पोर्ट आणि ९५ चा आकडा

आजच्या पातळ लॅपटॉपांवर न दिसणारं पूर्ण आकाराचं लॅनचं पोर्ट इथे आहे, गीगाबिट वेगाचं. केबल आणि राउटर चांगले असतील तर प्रत्यक्षात सुमारे ९४० मेगाबिट मिळतात.

तक्रार मात्र नेहमी एकाच आकड्याची असते: प्लॅन २०० किंवा ३०० चा, आणि वेग मोजला की ९४-९५ वर अडकलेला. याचं कारण केबलमध्ये असतं. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गीगाबिटला चारही लागतात. उरलेल्यांपैकी एक जरी तुटली, कनेक्टरात नीट बसली नाही किंवा बसवणाऱ्याने वाचवण्यासाठी जोडलीच नाही, तर दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर येतात. जोडणी तुटत नाही, कोणता इशाराही येत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, तिथे लिंक स्पीड पाहा. १००/१०० दिसलं तर आधी दुसरी, शक्यतो कारखान्यात बनलेली कॅट५ई केबल थेट राउटरपासून लावून पाहा. तिने १०००/१००० आलं तर भिंतीतली किंवा जिन्यातून आणलेली केबल दोषी, तिचे दोन्ही कनेक्टर नव्याने क्रिंप करून घ्या, आठही तारांनिशी. काहीच बदललं नाही तर राउटरचं पोर्टच १०० चं आहे का बघा. स्वस्त राउटरांत ते असतं.

झोपलेल्या यंत्राला जागं करणं

वेक-ऑन-लॅन म्हणजे बंद लॅपटॉपच्या लॅन चिपला थोडीशी वीज चालू ठेवणं, म्हणजे तिला एका ठरावीक निरोपाची वाट पाहता येते. हा निरोप (मॅजिक पॅकेट) १०२ बाइटचा असतो: सुरुवातीला सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट एक, त्यामागे त्या यंत्राचा मॅक पत्ता (लॅन चिपचा स्वतःचा कायमचा क्रमांक) सोळा वेळा. चिप बाकी काही वाचत नाही. हा नमुना दिसला की ती पॉवर बटण दाबल्याचा इशारा देते.

बायोसमध्ये ‘कॉन्फिग’, ‘नेटवर्क’, ‘वेक ऑन लॅन’. तिथे ‘एसी ओन्ली’ ठेवा, बॅटरीवर ठेवलं तर बंद यंत्रही बॅटरी चाटत राहतं. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल इथरनेटच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर यंत्र जागं करण्याची परवानगी द्या, आणि ‘फक्त मॅजिक पॅकेट’ हा पर्यायही निवडा. तो न निवडल्यास जाळ्यावरच्या कुठल्याही खटपटीने लॅपटॉप रात्री-बेरात्री उठतो.

इतकं करूनही चालत नाही याचं सर्वांत मोठं कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे खरं बंद होणं नसून अर्धवट हायबरनेट असतं, आणि त्या अवस्थेत विंडोज लॅन चिपला जागं राहायला सांगत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत जाऊन ते बंद करा.

दुसरी अडचण घराबाहेरून उठवण्याची. हा निरोप एका घराच्या जाळ्यातच फिरतो, राउटर ओलांडत नाही. राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून पाठवायचा प्रयत्न सुरुवातीला काही मिनिटं यशस्वीही होतो. मग राउटर बंद यंत्राचा पत्ता विसरतो आणि सगळं थांबतं. खात्रीचा मार्ग असा की राउटरवरच व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात शिरण्याची सुरक्षित वाट) चालवायचा किंवा घरात चोवीस तास चालू असलेलं छोटं यंत्र ठेवून त्याच्याकडून निरोप पाठवायचा.

एएमटी

व्हीप्रोवाल्या टी४८० मधली एएमटी (ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी) ही दुरून ताबा घेण्याची सोय वेक-ऑन-लॅनच्या कितीतरी पुढची आहे. चिपसेटच्या आत इंटेलने एक स्वतंत्र छोटा संगणक ठेवला आहे, मॅनेजमेंट इंजिन. लॅनचा मुख्य भागही चिपसेटमध्येच आहे. बाहेर दिसणारी आय२१९ चिप फक्त तारेशी बोलण्याचं काम करते. त्यामुळे या छोट्या संगणकाला विंडोजला न विचारता थेट जाळ्यावर बोलता येतं. विंडोज कोसळलेलं असो, एसएसडी काढलेली असो किंवा लॅपटॉप बंद पण चार्जरवर असो, आयटीवाला दुरून तो चालू करू शकतो, बायोस पाहू शकतो, पडदा पाहू शकतो.

धोका कुठे आहे तेही यातूनच कळतं. एएमटीची गुप्त खूण (पासवर्ड) कारखान्यातून ‘ॲडमिन’ (admin) अशी येते. ती कोणी बदललेली नसेल तर दोन मिनिटं यंत्र हाती लागलेला कोणीही स्वतःची खूण टाकून एएमटी सुरू करू शकतो. बायोसला पासवर्ड असूनही हे होतं, हे जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने जाहीरपणे दाखवून दिलं. त्याआधी मे २०१७ मध्ये इंटेलनेच एएमटीतली एक गंभीर चूक मान्य केली होती, जिच्यातून खूण न देताच आत शिरता येत होतं.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉप लॅनला जोडा, त्याचा आयपी पत्ता पाहून घ्या, आणि त्याच जाळ्यावरच्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, कोलन आणि १६९९२ असं टाका. इंटेलचं लॉगिन पान उघडलं तर एएमटी सुरू आहे. जुन्या कंपनीने सुरक्षित जोडणीवर ठेवलं असेल तर ते १६९९३ वर असतं, म्हणून पुढे एचटीटीपीएस लावून तेही पाहा. त्याच लॅपटॉपवरून ही तपासणी करू नका. स्वतःकडेच पाठवलेली पाकिटं तारेवर उतरत नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही तरी त्याला अर्थ नाही.

सुरू होताना लोगो दिसला की कंट्रोल आणि पी दाबा. मॅनेजमेंट इंजिनचं पान येतं. ‘ॲडमिन’ टाकून आत जाता आलं तर ते लगेच नवी खूण मागतं: किमान आठ अक्षरं, त्यांत मोठं, लहान, आकडा आणि चिन्ह. ती द्या, जुनी जोडणी असेल तर ‘अनकॉन्फिगर’ करा, मग बायोसच्या ‘कॉन्फिग’मध्ये एएमटी ‘डिसेबल्ड’ करा. तिथेच ‘पर्मनंटली डिसेबल्ड’ हाही पर्याय आहे आणि तो खरोखर कायमचा असतो. घरात चार-पाच यंत्रं सांभाळायची हौस असेल तर तो न निवडता, आपली खूण ठेवून एएमटी वापरून पाहायला हरकत नाही. इतरांनी बंद करावं.

चाव्या कोणाकडे आहेत

‘ॲडमिन’ ने दार उघडलं नाही तर जुन्या कंपनीची खूण अजून आत आहे, आणि बाकीची कुलुपंही तितक्याच बारकाईने पाहायला हवीत. हे सगळं पैसे देण्याआधी, दुकानातच करायचं.

एफ१ दाबून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून जात नाही, तो वेगळ्या चिपमध्ये असतो, आणि हरवला तर लेनोवोचं उत्तर एकच: मदरबोर्ड बदला. ‘नंतर काढून देतो’ हे ऐकून घेऊ नका. आत शिरल्यावर ‘सिक्युरिटी’, ‘पासवर्ड’ इथे सुपरवायझर आणि हार्ड डिस्क दोन्हींपुढे ‘डिसेबल्ड’ हवं. त्याच पानांवर ‘अँटी-थेफ्ट’खाली कॉम्प्युट्रेस दिसेल. ते यंत्राचा ठावठिकाणा मालकाला कळवणारं सॉफ्टवेअर आहे, आणि बायोसमधून पुन्हा उगवत असल्यामुळे विंडोज पुसून जात नाही. तेही ‘डिसेबल्ड’ हवं.

शेवटचं कुलूप बायोसमध्ये दिसतच नाही. कंपन्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट यादीत (कोणतं यंत्र कोणत्या कंपनीचं याची नेटवरची नोंद) नोंदवून ठेवतात. ती ओळख मदरबोर्डशी बांधलेली असते, एसएसडी बदलून किंवा फॉरमॅट करून जात नाही. नोंद काढायचा अधिकार त्या कंपनीकडेच. विक्रेत्याने स्थानिक खातं बनवून विंडोज चालू दाखवलं तर काहीच शंका येत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही रीसेट करता आणि पडद्यावर कुठल्या तरी बँकेचं नाव येऊन कर्मचाऱ्याचा ईमेल मागितला जातो. लिनक्स वापरणाऱ्याला याचं काही देणंघेणं नाही, विंडोजवाल्याची मात्र वाट लागते.

म्हणून विक्रेत्याला विंडोज रीसेट करायला सांगा किंवा पेनड्राइव्हवरून एफ१२ च्या यादीतून नवं घाला, आणि देश-कीबोर्ड विचारून झाल्यावर नेट जोडायला सांगणारं पान आलं की ते टाळू न देता लॅन किंवा फोनचा हॉटस्पॉट जोडा. अर्धा-पाऊण तास जातो. नेट जोडल्यावर कोणत्याही कंपनीचं नाव न येता, घरगुती वापर की कार्यालयीन असं विचारणारं नेहमीचं पान आलं, की पैसे द्यायला हरकत नाही.